दाबोळीची धावपट्टी

आमच्या हैदराबादला समुद्र नाही. हुसेनसागरालाच सागर म्हणून आपण आपली हौस भागवून घेतली आहे. असे असूनही नौदलाच्या काही वैमानिकांचे शिक्षण होते ते इथेच, शहराच्या उत्तरेला असलेल्या दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत. शाळेवरून जाणाऱ्या विमानाकडे पाहून सातवीतल्या एका मुलाने एकदा आम्हाला विचारले, "सर, जहाजवाल्यांना विमाने कशाला? आणि जहाज बंदरात असले म्हणजे ती राहतात कुठे?" आम्ही वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या सौभाग्यवतींसह आम्ही वास्कोच्या गाडीत बसलो, ते गोव्यातील दाबोळीचा नाविक हवाई तळ पाहण्याच्या इराद्याने.

गुंतकल, गदग, हुबळी, लोंढा अशी ही वाट. निजामी मुलखातल्या माणसाला ती अगदीच परकी नव्हे. १९४७-४८ च्या त्या अस्थिर काळात, चहूबाजूंनी भूमीने वेढलेल्या निजाम सरकारला बंदराची आस लागली होती आणि मुरगाव बंदर मिळावे म्हणून पोर्तुगालकडे प्रयत्नही झाले होते. ते फळाला आले नाहीत. पुढे सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून शस्त्रे घेऊन बिदर, वरंगल येथील धावपट्ट्यांवर उतरू लागली. समुद्राची वाट नव्हती, ती आकाशातून काढली गेली.

आमचे मूळ गाव बिदर जिल्ह्यातले. वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. रात्री घरघर ऐकू आली की आमची आजी कंदील विझवीत असे, असे ते सांगत. विमान कोणाचे, आत काय, हे तिला ठाऊक नव्हते. पण ते आपल्यासाठी आलेले नाही, एवढे मात्र तिला पक्के कळत होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत तो अध्याय संपला. त्याच बिदरला आता भारतीय हवाई दलाचे वैमानिक शिकतात.

गाडीने कॅसलरॉकचा घाट उतरला तो काळोखातच. दूधसागर नुसता कानांनी पाहिला. कॅसलरॉक हे एके काळी ब्रिटिश हद्दीतले शेवटचे स्थानक आणि खाली कुळे हे पोर्तुगीज हद्दीतले पहिले. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि ही रेल्वे वाहतूक थांबली. दाबोळीची कथा सुरू होते ती इथून. जमिनीची वाट बंद झाली तेव्हा पोर्तुगीज सरकारने वास्कोजवळच्या पठारावर विमानतळ उभा केला, 'ताइप' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी विमान कंपनी काढली, आणि गोवा, दमण, दीव व कराची यांना आकाशातून जोडले. निजामाने जे केले, तेच सात वर्षांनी सालाझारच्या सरकारने केले. शेजाऱ्याशी जमत नाही म्हणून परसदारी नवी वाट पाडावी, तसा हा प्रकार.

ती वाट सहा वर्षे चालली. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बवर्षाव केला. विमानतळाच्या इमारतींना मात्र हात लावला नाही. त्या रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टी घाईघाईने डागडुजी करून घेतली आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन निसटली. त्यांतले एक होते सुपर कॉन्स्टेलेशन. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. विमानवाहू जहाज बंदरात शिरण्यापूर्वी त्यावरची विमाने उडून किनाऱ्यावरच्या तळावर जातात, कारण नांगरलेल्या जहाजावरून त्यांना उड्डाण करणे अवघड. त्यांची दुरुस्ती आणि वैमानिकांचा सरावही तळावरच होतो. 'विक्रान्त' ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे आपल्या नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोचली. तिच्या सी हॉक व आलिझे विमानांसाठी 'हंस' नावाचा तळ ५ सप्टेंबर १९६१ रोजी सुरू झाला, तो समुद्रापासून दूर, कोइमतूरजवळच्या सूलूर येथे. तिथेही आधी परकीयांचाच वावर होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने कोइमतूरला विमानदुरुस्तीचा मोठा तळ उभारला होता आणि त्याला नाव दिले होते 'गरुड'. इंग्रज गेले, नाव आमचेच होते, ते १९५३ मध्ये कोचीच्या नाविक हवाई तळाला मिळाले. 'हंस' १९६४ मध्ये सूलूरहून दाबोळीला आला, तो आजतागायत तिथेच आहे. सी हॉक गेली, १९८३ मध्ये सी हॅरियर आली, तीही २०१६ मध्ये निवृत्त झाली. मिग-२९ के जातीची विमाने २०१० मध्ये इथेच दाखल झाली. जहाजाच्या डेकसारखा चढाचा एक मंचही या तळावर बांधलेला आहे. समुद्रावर जाण्याआधी चाचणी व सराव त्याच्यावर होतो.

तळाच्या आत सामान्य माणसाला प्रवेश नाही. परंतु बोगमाळोच्या वाटेवर १९९८ पासून नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे पाण्यावरही उतरू शकणारे, नौदलाचे अगदी आरंभीचे सीलँड विमान आहे, आणि आवारात एक सुपर कॉन्स्टेलेशनही उभे आहे. पूर्वी एअर इंडियाकडे, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे, अशी त्याची सेवा झाली. ज्या जातीच्या विमानातून इथले जुने राज्यकर्ते रातोरात निघून गेले, त्याच जातीचे विमान आज मुले हात लावून पाहतात. आम्ही बराच वेळ तिथे रेंगाळलो.

संध्याकाळी वास्कोच्या एका चहाच्या दुकानात एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. "तेव्हा मी शाळेत होतो," ते म्हणाले. "बॉम्ब पडले तेव्हा आईने आम्हा सगळ्यांना घरात कोंडून ठेवले." मग हसून म्हणाले, "मास्तर, आता बरे चालले आहे. पण ध्यानात ठेवा, दाबोळीला घर नौदलाचे आणि ओसरी आमची." त्यांचे म्हणणे खरे होते. नौदलाच्या सरावासाठी सकाळचे काही तास प्रवासी विमानांना थांबावे लागे, ही गोवेकरांची अनेक वर्षांची तक्रार. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, त्याला हेही एक कारण होते. पण ही तक्रार घरातली. तिला ऐकणारे कोणीतरी असते.

परक्या भूमीवरच्या तळाचे तसे नसते. फिलिपाइन्समधील क्यूबी पॉइंट येथे अमेरिकन नौदलाने डोंगर कापून हवाई तळ बांधला. १९९१ मध्ये तिथल्या सिनेटने करार नाकारला आणि पुढच्या वर्षी अमेरिकनांना तो सोडावा लागला. हिंदी महासागरातील दिएगो गार्सियावर तळासाठी तिथली मूळ वस्तीच १९६८ ते १९७३ या काळात उठवून लावली गेली. त्या लोकांच्या पुढच्या पिढ्या अजून आपले बेट मागत आहेत.

आणि आता आपलीही पाळी आली आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉरिशसच्या आगालेगा बेटांवर भारताच्या खर्चाने बांधलेली नवी धावपट्टी व धक्का यांचे उद्घाटन झाले. वस्ती जेमतेम तीनशेची, धावपट्टी सुमारे तीन किलोमीटरची. बेटवासीयांची सोय आणि समुद्रावरची सुरक्षितता, असे दोन्ही सरकारे सांगतात, आणि मॉरिशस ही आपली मित्रभूमी. मराठी घरेही तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमचा विरोध नाही. परंतु बिदरच्या एका खेड्यातली आजी आठवल्याशिवाय राहत नाही. आजारी माणसाला रुग्णालयात नेण्यासाठी तिथे विमान उतरेल, तर ती पट्टी आगालेगाची होईल. नाहीतर ती आपली असूनही परकीच राहील.

परत आल्यावर आम्ही त्या मुलाला सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "सर, त्या बेटावर आता दिवे लावतात की विझवतात?" आजीची हकीकत आम्ही त्याला आधीच सांगून बसलो होतो. उत्तर आमच्यापाशी नव्हते. पण प्रश्न विचारायला तो शिकला, याचे समाधान वाटले.