फुंकर आमची, निष्कर्ष कोणाचा?

शास्त्रज्ञांना लोकांशी बोलायला शिकवलं पाहिजे, असं आता सरकारही म्हणतं. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' योजना सुरू केली. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपलं संशोधन सामान्य वाचकासाठी लिहायचं, पहिलं बक्षीस एक लाख रुपये. चांगली गोष्ट आहे, आमचा विरोध नाही. पण भवानी पेठेतल्या आमच्यासारख्यांचा साधा प्रश्न आहे : हा 'सामान्य वाचक' म्हणजे नेमका कोण?

आमच्या घरात विड्या वळल्या जायच्या. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं. आम्ही शाळेत असताना गल्लीत एक तपासणी पथक आलं होतं. त्यांनी बायकांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं, नाव-वय लिहून घेतलं, अंगठे घेतले आणि निघून गेले. आकडा काय आला, ते कोणालाच सांगितलं नाही. पुन्हा कोणी फिरकलंही नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच वस्तीतला एक संशोधक विद्यार्थी विहारात बोलायला आला. विषय होता तंबाखूची धूळ आणि फुप्फुसं. पोरगा हुशार आहे, पहिल्या पिढीचा शिकलेला. आम्ही त्याला एकच अट घातली : पडदा नको, लॅपटॉप नको, दहा मिनिटं नुसतं बोल. दोन मिनिटांतच तो अडखळला. स्वतःच्या आईच्या खोकल्याविषयी त्याच्याकडे मराठी शब्द नव्हते. मग मागून एका मावशीने विचारलं, "ते समदं बरोबर हाय बाळा. पण तवा आम्ही नळीत फुंकलं, त्याचं काय झालं?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं.

यात पोराचा दोष काय? त्याला परीक्षकांसमोर बोलायला शिकवलं, परिषदेत बोलायला शिकवलं. ज्यांच्या श्वासावर प्रबंध उभा राहतो, त्यांच्यासमोर उभं राहायला कोणी शिकवलं नाही.

हे जमत नाही असं नाही. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाला शेतकरी 'तेल्या' म्हणतो, कारण डाग तेलकट दिसतो. शास्त्रज्ञही बांधावर गेला की 'तेल्या'च म्हणतो. शेतकऱ्याने ऐकलं नाही तर बाग जाईल, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे गरज वाटली की शास्त्रज्ञ लोकांचा शब्द शिकतो. विडी कामगार बाईची गरज कोणाला वाटते? ती श्रोता नाही, ती नमुना आहे. प्रश्न भाषेचा जेवढा आहे, तेवढाच दर्जाचा आहे.

बाबासाहेबांकडे पाहा. कोलंबियात संशोधन करून आलेला माणूस, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक, लंडनचा अभ्यास अजून अर्धवट. अशा काळात ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला, तो मराठीत. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध इंग्रजीतच आला, कारण तो वाद त्या दरबारातला होता. दोन्हीकडे विद्वत्ता तीच. आपल्या माणसांसाठी लिहिताना त्यांनी ती पातळ केली नाही. बुद्धानेही धम्म लोकांना त्यांच्या बोलीत शिकण्याची मुभा दिली, हे विनयपिटकात नोंदलेलं आहे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी जोपासणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं. शोधकबुद्धी म्हणजे प्रश्न विचारणं. मावशीने तेच कर्तव्य बजावलं. मग उत्तर द्यायला शिकणं हे शास्त्रज्ञाचं कर्तव्य नाही का?

म्हणून आमचं म्हणणं असं. प्रशिक्षण द्याच, पण ते वातानुकूलित सभागृहात उरकू नका. संशोधकाला विहारात, यंत्रमागाच्या खोलीत, विडी कारखान्याच्या दारात पाठवा. भवानी पेठेत मराठीही पुरत नाही, अनेक घरांत तेलुगू बोलतात. तेव्हा सोबत दुभाष्या न्या. ज्याची तपासणी केली, त्याला त्याचा आकडा आणि त्याचा अर्थ तोंडी सांगा. हे केल्याशिवाय प्रबंध पूर्ण धरू नका. आणि बोलण्याइतकेच गुण ऐकण्याला ठेवा.

तो विद्यार्थी पुढच्या रविवारी पुन्हा आला. या वेळी वही घेऊन. बायकांनी धुळीला, धापेला, रात्रीच्या खोकल्याला काय काय शब्द आहेत ते सांगितले, त्याने ते लिहून घेतले. नळीतल्या त्या फुंकरीचा हिशेब मात्र अजून बाकी आहे. तो आम्ही मागत राहू.

जय भीम!