उभ्या फटफटीचे पडणे

धावत्या फटफटीचा तोल सहसा जात नाही. तोल जातो तो उभ्या फटफटीचा. हे विधान प्रथमदर्शनी उलटे वाटेल. पण रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून पाहावे, म्हणजे त्याची सत्यता पटते. घाटातल्या वळणांवर गाडीसह अंग तिरपे करून जो स्वार ऐटीत खाली उतरून येतो, तोच घरी पोचल्यावर, इंजिन बंद केल्यावर, स्वतःच्याच फाटकासमोर गाडीसकट आडवा होतो. वादळ नसते, पाऊस नसतो, समोरून मालमोटार आलेली नसते. मांजरसुद्धा आडवे गेलेले नसते. मोठ्या अपघाताला निदान लोकांची सहानुभूती मिळते. या पडण्याच्या वाट्याला मात्र केवळ हसू येते.

फटफटी निर्माण करणाऱ्यांना तिचा हा स्वभाव पहिल्या दिवसापासून ठाऊक असावा. १८८५ साली जर्मनीतील कान्स्टाट येथे गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. आजच्या मोटारसायकलींची ती आद्य पूर्वज. तिचा सांगाडा लाकडी होता, आणि तिच्या दोन्ही अंगांना, नवशिक्या मुलांच्या सायकलीला लावतात तशी, दोन लहान चाके होती. म्हणजे जगाला फटफटी देणाऱ्यांनीही तिला एकटीला उभे करण्याचे धाडस केले नाही! पुढे ती चिमुकली चाके गेली आणि त्यांचे काम स्वाराच्या दोन पायांवर येऊन पडले. तेव्हापासून ही गाडी नावाला दुचाकी आहे. उभी राहायची झाली की तिला आणखी दोन पायांचा आधार घ्यावाच लागतो.

मग धावताना ती कशाच्या बळावर उभी राहते? एखादे नाणे जमिनीवर घरंगळत सोडून पाहावे. ते एका अंगाला कलू लागले की त्याच अंगाला वळते, आणि वळता वळता काही काळ स्वतःला सावरते. फटफटीचेही पुष्कळसे असेच आहे. ती डावीकडे कलली की तिचे पुढचे चाक डावीकडे वळते. त्यामुळे चाके पुन्हा भाराच्या खाली येतात आणि गाडी सरळ होते. वेगात असताना ही सावरासावर इतकी सहज चाललेली असते की स्वाराला तिची जाणीवही होत नाही. फिरती चाके भोवऱ्यासारखी स्वतःला उभी धरतात आणि तेच सारे रहस्य आहे, असा अनेकांचा समज असे. २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिका येथील संशोधकांनी अशी एक छोटी सायकल बनवली, की तिच्यात चाकांचा हा भोवऱ्यासारखा गुण जवळजवळ नाहीसा केला होता. तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वाराविना आपला तोल सावरत गेली. साध्या दिसणाऱ्या गोष्टी विद्वानांनाही किती काळ खेळवतात, ते यावरून दिसते.

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आपले जवान धावत्या फटफट्यांवर मनोरे रचतात. एकाच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा. आणि तो सारा मनोरा डौलाने पुढे सरकत राहतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या जवानांच्या कौशल्याला, आणि ते योग्यच आहे. पण त्या टाळ्यांतला थोडासा वाटा वेगालाही द्यायला हवा. तो वेग काढून घेतला, की एकट्यादुकट्या स्वाराचीही तारांबळ उडते.

तारांबळ उडवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. फाटकाजवळ साचलेली बारीक वाळू ही एक. वैशाखात डांबर मऊ होते आणि साईड स्टँडचे टोक त्यात हळूहळू रुतत जाते. मालक बाजारात भाजी निवडत असतो, आणि इकडे त्याची गाडी क्षणाक्षणाला नमस्कार घालण्याच्या बेतात असते. उतारावर गाडीचे तोंड खालच्या बाजूला करून तिला साईड स्टँडवर उभी केली, तर ती किंचित पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. म्हणून जाणता मनुष्य गाडीचे तोंड चढाकडे करतो आणि पहिला गिअर टाकून ठेवतो. डबल स्टँडची तऱ्हा वेगळीच. तो लावताना सारा भार पायाने स्टँडवर द्यायचा असतो. नवखा मनुष्य मात्र हातांनीच गाडी उचलायला जातो, आणि कपाळावरच्या शिरा फुगवून घेण्यापलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही. रेल्वे स्थानकाबाहेर जिथे शंभर गाड्या खेटून उभ्या असतात, तिथे तर एकीचा धक्का दुसरीला, दुसरीचा तिसरीला, असे होत होत पत्त्यांच्या बंगल्यासारखी सारी रांग झोपते. ज्याच्या हातून पहिली गाडी कलली, त्याने त्या वेळी कोणाकडे पाहावे हा मोठाच प्रश्न असतो.

तालुक्याच्या एका गावातील शाळेत गणिताचे एक सर होते. शिस्तीचे कडक, इस्त्रीच्या सदऱ्याचे भोक्ते. त्यांच्याकडे जुनी बुलेट होती. या गाड्या मूळच्या इंग्लंडातल्या. १९५५ पासून त्या मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, जुळवल्या जाऊ लागल्या. गाडी वजनाला सुमारे १८० किलो. तिचा धीरगंभीर आवाज दुरून कानी आला की सातवीचा वर्ग आपसूक जागेवर बसत असे.

आषाढातली सकाळ होती. प्रार्थना नुकतीच आटोपली होती आणि मुले ओसरीवर रांगेत उभी होती. सर आवारात आले, आणि नेहमीच्या कडुनिंबाकडे वळताना अगदी मंद गतीत, हँडल वळलेले असतानाच, त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. असा ब्रेक धावत्या गाडीला सोसतो. रांगत्या, वळत्या गाडीला सोसत नाही. गाडी डावीकडे झुकली. सरांनी डावा पाय टेकला, तो नेमका नळासाठी खणून बुजवलेल्या चरात. माती ओली होती. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

फटफटी धाडकन पडत नाही, हीच तिच्या पडण्यातली खरी गोम आहे. ती हळूहळू पडते. सावरता येईल अशी आशा माणसाला शेवटपर्यंत दाखवत पडते. सरांनी दात ओठ खाऊन हँडल धरून ठेवले. समोर सारी शाळा उभी होती. गाडी सोडणार कशी? गाडी आणखी कलली, सर आणखी ओढू लागले. इतक्यात शिपाईमामा घंटेजवळून ओरडले, “सर, सोडा! गाडी जाऊ द्या, पाय काढा आधी!”

सरांनी क्षणभर ओसरीकडे पाहिले आणि हँडल सोडले. चिखलातून पाय उपसून ते एका पायावर उडी मारीत बाजूला झाले, आणि बुलेट आपल्या सवडीने जमिनीवर टेकली. आरसा फुटला. क्लचची दांडी मोडली. ओसरीवर आधी एकच मुलगा हसला; मग मात्र बांध फुटावा तसे सगळेच हसले.

पडलेला मनुष्य प्रथम आपला गुडघा पाहत नाही, इकडेतिकडे पाहतो. गुडघ्याचे दुखणे त्याला नंतर कळते. नंतर तो स्टँडला, रस्त्याला, नगरपालिकेला दोष देतो. मोठमोठी माणसेही यातून सुटलेली नाहीत. जून २०२२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन लोकांना भेटण्यासाठी सायकल थांबवीत असता, पायटापाशी त्यांचा पाय अडकला आणि ते पत्रकारांसमोरच आडवे झाले. सुदैवाने त्यांना दुखापत झाली नाही. पण ते दृश्य काही तासांतच साऱ्या जगाने पाहिले. त्या मानाने सरांचे प्रेक्षक थोडे होते.

शिपाईमामा पूर्वी सैन्यात होते, आणि असल्या गाड्या त्यांनी तिथे पुष्कळ हाताळल्या होत्या. त्यांनी प्रथम किल्ली फिरवून इंजिन बंद केले. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होते, म्हणून कुंपणापाशी विडी ओढणाऱ्या माणसाला त्यांनी दूर पिटाळले. मदतीला धावलेल्या मुलांना “सायलेन्सरला हात लावू नका” असे दरडावले. तापलेला सायलेन्सर कातडी सोलून काढतो. मग गाडीकडे पाठ करून ते खाली बसले, कंबर बैठकीला टेकवली, एका हाताने हँडलचे टोक आणि दुसऱ्या हाताने मागची दांडी धरली, आणि पाठ ताठ ठेवून केवळ पायांच्या जोरावर लहान लहान पावले मागे टाकीत गाडी उभी केली. ती पलीकडे कलंडू नये म्हणून सर दुसऱ्या बाजूला तयारच होते. मामांचे वय पन्नाशीपलीकडचे आणि अंगकाठी किरकोळ. तीन धट्टेकट्टे गडी एकाच हँडलला झोंबून जे करू शकत नाहीत, ते एक माणूस रीत ठाऊक असल्यामुळे करून जातो.

तिसरा तास गणिताचा होता. सर आत आले तेव्हा सदऱ्यावर चिखल तसाच होता. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. हसणाऱ्या मुलांच्या छातीत धडधडत होते. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक तिरपी रेघ काढली. “ही माझी गाडी,” ते म्हणाले. “वजन १८० किलो. समजा, भार जमिनीपासून अर्ध्या मीटरवर एकवटला आहे आणि माझे हात एक मीटरवर आहेत.” मग त्यांनी खाली आकडे मांडले. गाडी ५ अंश कलली तर तिला धरून ठेवण्यास सुमारे ८ किलोचा जोर पुरतो. १० अंशांना १६ किलो लागतो, २० अंशांना ३१ किलो, आणि ३० अंशांना ४५ किलो.

“आठ किलो तर बाळूसुद्धा उचलील,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले.

“उचलील ना,” सर म्हणाले. “म्हणूनच पहिल्या क्षणी माणसाला वाटते, की आपण हिला धरू शकतो. त्यानंतर आकडा वाढत जातो, आणि धरणाऱ्याचा पाय मात्र खाली असतो. मामांनी हाक मारली तेव्हा गाडी इथे होती.” त्यांनी २० अंशांच्या आकड्याभोवती वर्तुळ काढले. “तुमच्याकडे पाहण्यात मी एक क्षण घालवला. तो या वर्तुळापासून इथवर.” आणि त्यांनी खडू ४५ च्या आकड्यावर टेकवला.

सकाळी सर्वांत आधी जो मुलगा हसला होता, त्याने हात वर केला. त्याने विचारले, की गाडी उजवीकडे पडली असती, तर तापलेला सायलेन्सर सरांच्या पायावर आला असता का? सरांनी होय म्हटले. तो मुलगा काही न बोलता खाली बसला आणि फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून घेऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चर धुमसून सपाट केलेला होता आणि कडुनिंबाखाली, गाडीचा स्टँड येतो नेमक्या त्या जागी, एक चपटी शहाबादी फरशी मांडून ठेवलेली दिसली. ती कोणी आणली, असे सरांनी वर्गात विचारले. सातवीचा वर्ग अत्यंत गंभीर मुद्रेने फळ्याकडे पाहत राहिला.