काकूचं मत

आमच्या गावापासून शेजारचं गाव फक्त सहा किलोमीटरवर आहे. दोन्ही धाराशिव जिल्ह्यातली, तुळजापूर तालुक्यातली. माती तीच, ज्वारी तीच आणि दुष्काळही तोच. पण मध्यंतरी जवळजवळ दोन वर्षं अशी गेली, की एक गाव अमेरिकेसारखं चाललं होतं आणि दुसरं इंग्लंडसारखं. हसू नका, खरंच सांगतोय!

त्याचं असं झालं. पूर्वी आपल्याकडे लोक ग्रामपंचायतीचे सदस्य निवडून द्यायचे आणि ते सदस्य आपल्यातूनच एकाला सरपंच करायचे. 2017 साली कायदा बदलला आणि सरपंच थेट लोकांनी निवडायचा असं ठरलं. 2020 मध्ये नव्या सरकारनं जुनी पद्धत परत आणली. 2022 मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा थेट निवड सुरू झाली. आमच्या गावची निवडणूक 2017 च्या अखेरीस झाली, म्हणून आमचा सरपंच लोकांनी निवडलेला. शेजारच्या गावची झाली 15 जानेवारी 2021 ला, म्हणून त्यांचा सरपंच सदस्यांनी निवडलेला.

शेजारच्या गावात निकाल लागला आणि एका पॅनलचे पाच सदस्य रातोरात गायब! कुणी म्हणे देवदर्शनाला गेले, कुणी म्हणे गोव्याला. ते उगवले थेट सरपंच निवडीच्या दिवशी, एकाच गाडीतून. मोठी माणसं याला ‘सहल’ म्हणतात. नऊ सदस्यांत पाच ज्याच्याकडे, त्याचा सरपंच. मग पाचांपैकी एक जरी फुटला तर? म्हणून ही सहल. शाळेची सहल यापेक्षा बरी, तिथं निदान घरी फोन करू देतात.

इंग्लंडचा पंतप्रधान असाच ठरतो. लोक आपापला खासदार निवडतात आणि ज्याच्या पाठीशी बहुसंख्य खासदार, तो पंतप्रधान. आपल्या देशातही तीच रीत आहे. या रीतीत लोकांना न विचारता माणूस बदलता येतो. 2022 या एकाच वर्षात इंग्लंडनं तीन पंतप्रधान पाहिले: बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक. लिझ ट्रस बाई जेमतेम सात आठवडे टिकल्या. एवढ्या उलथापालथीत सार्वत्रिक निवडणूक एकदाही झाली नाही.

आता आमचं गाव. आमच्याकडे प्रत्येक मतदाराला एका वेळी चार मतं द्यायची होती. तीन आपल्या प्रभागातल्या सदस्यांसाठी, एक सरपंचासाठी. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून कपबशी, छत्री, नारळ अशी चिन्हं. लोकांनी काय करावं? सरपंच निवडला एका पॅनलचा आणि नऊपैकी सहा सदस्य निवडले दुसऱ्या पॅनलचे! अमेरिकेत हे नेहमी घडतं. तिथं राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडतात आणि संसद वेगळी. दोघेही म्हणू शकतात, मला लोकांनी पाठवलंय.

2018 च्या ऑक्टोबरात आमच्या भागात दुष्काळ जाहीर झाला. विहिरीनं तळ गाठला होता. वित्त आयोगाच्या पैशातून नवी पाइपलाइन टाकायची, असा ठराव सरपंचांनी मांडला. सहा जणांनी हात वर केलेच नाहीत. का? तर लाइन आधी त्यांच्या वस्तीकडून यायला हवी होती. पुढच्या बैठकीतही तेच. पैसे खात्यात पडून, आणि बाया हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या.

गंमत बघा, नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेतही गाडं अडलं होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला पैसे हवे होते आणि संसद ते देईना. 22 डिसेंबर 2018 पासून 35 दिवस तिथली कितीतरी सरकारी खाती बंद राहिली. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. त्यांची भिंत, आमचा पाइप.

आमची कोंडी फोडली ती काकूनं. माझी काकू सहावी-सातवी शिकलेली, महिलांच्या राखीव जागेवरून निवडून आलेली, आणि होती त्या सहा जणांच्या पॅनलमध्ये. तिसऱ्या बैठकीत तिनं ठरावाच्या बाजूनं हात वर केला. तिच्याकडे बघून आणखी एका बाईनं केला. सरपंच, त्यांचे तीन सदस्य आणि या दोघी, असे सहा हात झाले. ठराव मंजूर!

त्या रात्री घरी माणसं आली. ‘फितूर’ हा शब्द मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदा ऐकला. काकू चुलीपाशी बसून म्हणाली, “मी काय पॅनलचं पाणी पिते का? नळाचं पिते, आलं तर.”

आता मला सांगा, काकू बरोबर होती का? उत्तर देण्याआधी थोडं थांबा. समजा ती दिल्लीत खासदार असती आणि तिच्या पक्षानं व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश काढला असता. तो मोडला असता तर 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली तिची खासदारकी जाऊ शकली असती. हा कायदा उगाच आलेला नाही. सकाळी या पक्षात, संध्याकाळी त्या पक्षात, असे प्रकार आपल्याकडे फार झाले होते. पण तोच कायदा काकूसारख्या माणसालाही गप्प बसवतो, हे मला पटत नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2019 मध्ये सत्ताधारी पक्षाच्या 21 खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्ससुद्धा होते. पक्षानं सगळ्यांना आपल्या संसदीय गटातून काढलं, पण त्यांची खासदारकी मात्र शाबूत राहिली. अमेरिकेत तर पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाची जागा जात नाही.

काकूचीही जागा गेली नाही. ग्रामपंचायतीत पक्षच नाही, तर व्हिप कुठला! पण 2022 ला पॅनलनं तिला घेतलं नाही. मग ती एकटीच उभी राहिली, शिट्टी चिन्ह घेऊन. “मतं खायला उभी राहिलीय,” असं लोक म्हणाले. महिलांच्या त्या जागेसाठी तिघी होत्या. जुन्या पॅनलची बाई पहिली आली, काकू दुसरी, आणि पाइपलाइनवाल्या सरपंचांच्या पॅनलची बाई तिसरी. काकू नऊ मतांनी पडली.

इथं मला 1 डिसेंबर 2020 ची आठवण झाली. त्या दिवशी मी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासाठी मत दिलं होतं. तिथं बटण नव्हतं. मतपत्रिकेवर त्यांनीच दिलेल्या पेनानं पसंतीचे आकडे लिहायचे: पहिली पसंती 1, दुसरी 2, तिसरी 3. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर शेवटच्या उमेदवाराला बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती कोणाची आहे ते बघून मतं वाटतात. ऑस्ट्रेलियात आणि आयर्लंडमध्ये साध्या मतदारांनाही असेच आकडे लिहायचे असतात. जर्मनीची तऱ्हा आणखी वेगळी, तिथं प्रत्येकाला दोन मतं: एक उमेदवाराला, एक पक्षाला.

मी वहीत हिशेब मांडला. तिसऱ्या आलेल्या बाईच्या मतदारांनी दोन नंबर कुणाला दिला असता? ज्या काकूनं त्यांच्या पाइपसाठी हात वर केला, तिलाच की! नऊ मतं काय, तीसनं निवडून आली असती.

“काय लिहिलालास रे?” काकूनं विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं, आयर्लंडपासून पदवीधरांपर्यंत. ती ज्वारी निवडत ऐकत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “म्हंजे शिकलेल्यांना तीन आवडीनिवडी, आन्‌ आमाला एकच? आमाला काय एक-दोन-तीन येत न्हाई का?”