माथेरानची उन्हाळी सहल आणि सोबतीला काळू

एप्रिलमधील जयंतीचे कार्यक्रम आटोपले, मुलांच्या परीक्षा संपल्या, की आपल्या वस्त्यांतून घरोघरी एकच प्रश्न निघतो. यंदा मुलांना न्यायचे कुठे? ज्यांचे गाव आहे ते गावी जातात. ज्यांना चार दिवसांची रजा मिळत नाही, त्यांच्यासाठी एका दिवसाची डोंगरातील सहल हा खिशाला परवडणारा मार्ग आहे. आमच्या वस्तीतील मंडळी अशी सहल दरवर्षी काढतात. गेल्या वर्षी मुलांनी हट्ट धरला की काळूलाही न्यायचे. त्या निमित्ताने कुत्र्याला घेऊन उन्हाळ्यात डोंगरावर कसे जावे, याचा जो विचार आम्ही केला, तो वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

काळू हा गावठी कुत्रा. चार घरच्या भाकरीवर वाढलेला, पण गळ्यात पट्टा आणि वर्षाकाठी रेबीजची लस चुकत नाही. इंग्रजांनी अशा कुत्र्याला ‘परिया डॉग’ म्हटले. ‘परिया’ हा शब्द दक्षिणेतील एका अस्पृश्य ठरविलेल्या जातीच्या नावावरून आलेला आहे. म्हणजे माणसाचा अपमान करणाऱ्यांनी तो शब्द मुक्या जनावरालाही चिकटविला.

विहारात सहलीची बैठक बसली तेव्हा एका आजींनी स्पष्टच विचारले, “अरे बाळांनो, आमच्या लहानपणी गावच्या पाणवठ्यावर कुत्रं खुशाल पाणी प्यायचं आणि आम्ही घागर घेऊन लांब उभं राहायचो. आता त्याच कुत्र्याचे लाड करता?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना आडकाठी नव्हती. माणसाला मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे चालत जाऊन तो हक्क बजवावा लागला. आम्ही आजींना एवढेच म्हणालो, “आजी, पाणी अडविले ते माणसांनी. कुत्र्याने तुमची घागर कधी अडविली नाही.” आजी काही वेळ बोलल्या नाहीत. बैठक संपताना त्यांनी घरून श्रीखंडाचा रिकामा डबा आणून दिला. “याला पाणी पाजायला ठेवा,” म्हणाल्या.

आता जागेची निवड. उन्हाळ्यात उघडेबोडके किल्ले टाळावेत. काळा कातळ नऊ-दहा वाजताच तापतो. आपल्याला पायात चप्पल असते, कुत्र्याला नसते. भाजे, कार्ले येथील लेणी आपल्या जिव्हाळ्याची असली, तरी ती संरक्षित स्मारके आहेत व स्मारकाच्या आवारात जनावर नेण्यास नियमाने मनाई आहे. कान्हेरी लेणी राष्ट्रीय उद्यानात असल्यामुळे तेथेही पाळीव कुत्रा नेता येत नाही. लेण्यांची सहल वेगळी काढावी. कुत्रा बरोबर असेल तर सावली असलेली जागा हवी, आणि मुंबई-कल्याणकडच्या लोकांना अशी जवळची जागा म्हणजे माथेरान.

माथेरान रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. नेरळला घामाच्या धारा लागलेल्या असताना वर चार-पाच अंशांनी तरी हवा उतरलेली असते. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे जांभूळ, हिरडा, अंजन यांच्या सावलीतून लाल मातीची वाट जाते. मे महिन्यात आदिवासी भगिनी करवंदे, जांभळे विकायला बसतात. १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या गाडीचे रूळ पाहून मुले हरखून जातात. येथे माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा वर्षानुवर्षे चालत होत्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आम्ही तर आपले सामान आपल्याच खांद्यावर घेऊन पायीच जातो.

मार्ग साधा ठेवावा. दस्तुरीहून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. तेथून शार्लोट तलाव, आणि अंगात बळ असेल तर पुढे इको किंवा लुईझा पॉइंट. जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर होतात. एका दिवसाला एवढे पुष्कळ झाले. खचाखच भरलेल्या लोकलमध्ये कुत्र्याला कोंबण्याचा विचार मनातही आणू नये. वस्तीतील कोणाची गाडी असेल तर डिझेलचा खर्च वाटून घ्यावा आणि पहाटे चारला निघावे. उजाडता उजाडता चालायला लागून दहाच्या आत जेवढे होईल तेवढे चालावे. भर दुपारी झाडाखाली शिदोरी सोडून मुलांच्या गोष्टी-गाणी व्हावीत. परतीला चार वाजल्यानंतर निघावे. वाट उघड्यावर आली की हाताची मागची बाजू जमिनीवर ठेवून सात आकडे मोजावेत. तोवर हात ठेववला नाही, तर त्या जमिनीवरून कुत्र्याला चालवू नये.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. माणसाला सर्वांगाला घाम येतो व अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच. त्याचे अंग निवते ते धापा टाकून. म्हणून आपल्याला सोसवते ते ऊन त्याच्या जिवावर बेतू शकते. पिल्लू, म्हातारा कुत्रा, लठ्ठ कुत्रा आणि पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा यांना उन्हाळ्यात डोंगरावर नेऊच नये. पंधरा किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला लिटरभर पाणी लागते. चालायचे असेल तर दोन-तीन लिटर वेगळे घ्यावे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून थोडे थोडे पाजावे. निघण्यापूर्वी पोटभर जेवण देऊ नये. वाटेवरील कांदाभजी मुले प्रेमाने भरवतात, पण कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट हे सर्व कुत्र्याला घातक आहे. घरची कोरडी पोळी व उकडलेले अंडे उत्तम. लोखंडी साखळी तापते, म्हणून सुती दोरी न्यावी व ती हातातून सोडू नये.

लाळ घट्ट होणे, हिरड्या गडद लाल दिसणे, तोल जाणे, उलटी होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच सावलीत आडवे करून सर्वांगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे आणि जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते.

इतरांचेही भान हवे. माथेरानमध्ये घोड्यांवर अनेकांची पोटे चालतात. घोडा बुजला तर वरचा माणूस पडेल आणि घोडेवाल्याचा रोज बुडेल. घोडा दिसताच वाटेच्या कडेला होऊन कुत्र्याला पायाशी बसवावे. माकडांसमोर पिशव्या उघडू नयेत. पॉइंटवर दरीच्या कडेला दोरी आखूड धरावी. शार्लोट तलावाचे पाणी गाव पिते. त्यात कुत्र्याला उतरवू नये. पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. घाण कागदात उचलून पिशवीत घालावी. घरी आल्यावर कान, बगला, बोटांच्या बेचक्या पाहून गोचिडी काढाव्यात.

गेल्या वर्षी शार्लोट तलावापाशी पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. काळू एका जांभळाखाली आडवा झाला. आजींच्या डब्यातून पाणी प्याला, शेपटीही हलविली, पण उठायला तयार होईना. मुलांना लुईझा पॉइंट पाहायचा होता. आम्ही निर्णय मुलांवरच सोपविला. कुजबुज झाली, एक-दोन तोंडे हिरमुसली. शेवटी सातवीतला एक मुलगा म्हणाला, “त्याला आपणच आणलं ना? मग त्याला सोडून कसं जायचं?” सर्वजण तेथेच बसले. लुईझा पॉइंट त्या वर्षी राहिला.

बंधू-भगिनींनो, मैत्री आणि करुणा हे शब्द आपल्या मुलांच्या कानांवर दर रविवारी पडतात. ते अंगी बाणतात ते अशा वेळी. सहलीचा वेग धडधाकट माणसावरून ठरवू नका. जो सर्वांत थकलेला आहे त्याच्यावरून ठरवा, मग तो लहान मूल असो, म्हातारी असो की बोलता न येणारा कुत्रा. या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर निघा. पाण्याची एक बाटली जास्त घ्या, आणि परत फिरायची तयारी घरूनच करून निघा.