वणवा, जाळरेषा आणि पटग्गी

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संस्थेचा निरोप आला. शाळेची वाटचाल, संस्थापकांच्या आठवणी, गुणवंतांचा गौरव हे विषय सहकाऱ्यांनी आधीच वाटून घेतले होते. म्हणून आम्ही शाळेच्या उत्तरेकडे पाहिले, आणि जळगाव जामोदमध्ये उत्तरेकडे पाहिले की सातपुडाच दिसतो. आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला फाल्गुन-चैत्रातल्या रात्री डोंगरावर सरकत जाणारी लाल रेघ आठवत असेल. लहान मुले तिला डोंगराची दिवाळी म्हणतात. ज्यांची घरे भिंगारा, चाळीसटापरीकडे आहेत ती मुले मात्र तसे कधी म्हणत नाहीत. ती गच्चीवर उभी राहून रेघ कोणत्या बाजूला वळते आहे, एवढेच पाहतात.

आपला सातपुडा पानझडीचा. माघ सरताना साग, सालई, धावडा पाने टाकू लागतात. सागाचे एकेक पान सुपाएवढे, वाळले की कागदासारखे पेटणारे. त्याखाली पावसाळ्यात कमरेइतके वाढून आता पिवळे पडलेले गवत. दुपारचा वारा दरीतून वर चढतो आणि चढावर आग उतारापेक्षा वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. इकडचा वणवा बहुधा जमिनीलगत राहतो. कॅलिफोर्नियाच्या चित्रांत दिसते तशी आग शेंड्यांवरून उड्या घेत जात नाही. मोठी झाडे तशीच उभी राहतात आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही बिघडले असे वाटत नाही. परंतु रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी आणि मातीवरचे पाचोळ्याचे पांघरूण गेलेले असते. अशी उघडी माती मृगाच्या पहिल्या सरींबरोबर नाल्यात उतरते. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या आणि संग्रामपूर तालुक्यांत जो महापूर आला, त्याचे कारण वणवा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या दिवशीचा पाऊसच विलक्षण होता. मात्र डोंगरावरून सुटलेले पाणी काय करू शकते, हे आता आपल्यातील कोणालाही शिकवावे लागत नाही.

ही आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. मोहफुले वेचताना पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपे जाळतात. खाली सपाटीवर आपण शेतकरी धुरे पेटवतो, पऱ्हाट्यांचे ढीग जाळतो, आणि वाऱ्याने ठिणगी ई-क्लासच्या गवतात गेली की हात झटकून घरी येतो. डोंगरातल्या माणसाला नावे ठेवण्याआधी हा धुरा लक्षात ठेवावा. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघालेल्या बाईला ऊन चढण्यापूर्वी फुले वेचून परतायचे असते. पाला झाडून बाजूला करण्यात जो तास जातो, त्याची भरपाई तिला कोणी देत नाही.

उपाय जुना आहे: आगीला खायला काही ठेवू नये. वनखात्याच्या हिशेबी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा असतो, आणि तो सुरू होण्यापूर्वी जाळरेषा तयार व्हाव्या लागतात. जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा आखायचा, दोन्ही कडांचे गवत कापून मध्ये ओढायचे, ते वाळू द्यायचे आणि वारा पडलेला पाहून माणसांच्या पहाऱ्यात जाळून टाकायचे. पुढे वणवा आलाच तर त्या काळ्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरतो.

काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन आम्ही अशी एक रेषा पाहण्यास गेलो होतो. आपल्याच एका विद्यार्थ्याचे वडील तेथे अंगारी म्हणून हंगामी कामावर होते. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट आम्हांस कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती. जाळलेल्या पट्ट्यावर पंधरा-वीस दिवसांत सागाची नवी पाने पडतात आणि रेषा पुन्हा आगीचा पूल होते. तेव्हा ती होळीच्या सुमारास परत झाडावी लागते. अलीकडे पाने उडवणारी यंत्रे आली आहेत, पण ती प्रत्येक रेषेपर्यंत पोचत नाहीत. तेथे तुरीच्या काड्यांचा झाडूच. ‘सर, आग इझवाले जीव लागते, गवत कापाले निस्ता इळा लागते. पन पैसा इळ्यासाठी उशिरा येते,’ असे ते म्हणाले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. आम्हीही घेतले.

बुद्धवचनात या विषयाचा आधार सापडेल, असे आम्हांस आधी वाटले नव्हते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तो आहे. काही भिक्खूंनी रान पेटवले. लोकांनी नावे ठेवली. तथागतांनी भिक्खूंना रान जाळण्यास मनाई केली. येथवर कोणीही अंदाज करील. परंतु त्याच्या लगेच पुढे असे येते की, विहारांच्या भोवती गवत माजले होते आणि वणव्यात विहार जळू लागले. मनाई असल्याने भिक्खू समोरून आग लावण्यास कचरत होते. तेव्हा वणवा पेटला असता ‘पटग्गी’, म्हणजे प्रतिअग्नी देण्यास आणि बचाव करण्यास तथागतांनी अनुमती दिली. पहिली मनाई रद्द झाली नाही; तिच्या शेजारी दुसरी वाट उघडली. वर्तकजातकात लाव्याच्या पिलाच्या सत्यवचनाने वणवा थांबतो. ती गोष्ट मुलांना आवडते आणि आम्ही ती सांगतो. पण अभ्यासाला आम्ही चुल्लवग्गच घेतो.

हीच वाट धरण्यास इंग्रजी वनखात्याला अर्धशतक लागले. मध्य प्रांतात, सातपुड्यातीलच बोरीच्या जंगलात, १८६० च्या दशकात पिअर्सन या अधिकाऱ्याने वणवा रोखून दाखवला आणि आग सर्वथा बंद हे धोरण देशभर गेले. पुढे काही ठिकाणी साल आणि साग यांची नवी रोपे उगवेनाशी झाली, न जळलेला पाला साचत गेला, तेव्हा वेळेवर आणि बेताने जाळणे त्यांनाही मान्य करावे लागले. शिकण्याचा हा भाग झाला. हुकूम करण्याचा भाग मात्र कायद्यात राहिला. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात हेतुपुरस्सर वा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्वांचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. कलम ७९ नुसार जंगलात हक्क असणाऱ्यांनी आग विझवण्यास मदत करणे बंधनकारक आहे. आग एकाने लावली तरी हक्क सर्वांचा जाणार, आणि विझवण्यास बोलावणे आले की जावेच लागणार. हे वाचताना आमच्यासारख्याला महारवतन आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा आक्षेप कामाला नव्हता. काम कोणते, किती वेळ आणि त्याचे मोल काय, हे न ठरवता माणसाला चोवीस तास बांधून ठेवण्याला होता. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. वेठ इकडेही होतीच.

एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले. ती बातमी आम्ही वर्गात वाचली नाही. ज्याचे वडील त्या आठवड्यात डोंगरावर कामावर होते, तो मुलगा दुसऱ्या बाकावर बसलेला होता.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क म्हणून लिहिला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने असा हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण त्यापायी झाडे छाटावी लागत आणि जंगल पेटवले जाई. हातात येणारा रोख पैसा सोडणे सोपे नसते; त्यांच्याकडे बांबूचे उत्पन्न होते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याला जवळचे उदाहरण अचलपूर तालुक्यातील पायविहीरचे. मेळघाटच्या पायथ्याच्या या गावाला २०१२ मध्ये हक्क मिळाला, गावाने उजाड डोंगर राखला आणि त्यावरची सीताफळे एकत्रितपणे विकू लागले. ज्यांची सीताफळे डोंगरावर आहेत त्यांना वणव्याविषयी व्याख्यान द्यावे लागत नाही. आपल्याकडील डोंगरातल्या गावांनाही हे शक्य आहे, असे आमचे मत आहे. त्यासाठी दाव्यांचे कागद नीट लिहिणारी माणसे लागतील, आणि ती या शाळेतून गेलेली आहेत.

शाळेच्या मागच्या ई-क्लास जमिनीविषयी थोडे. तेथील गवत काढावे म्हणून आम्ही एका कार्यालयात तीन वर्षे अर्ज दिले; जमीन आमच्याकडे नाही, असे उत्तर दोनदा आणि निधी नाही, असे एकदा मिळाले. त्यानंतर परवानगीपुरता कागद घेऊन आपणच काम सुरू केले. दिवाळीनंतर गवत कापले जाते, ते गोठ्यांना जाते, कुंपणालगत सहा मीटरचा पट्टा झाडून मोकळा ठेवला जातो आणि पाला शाळेच्या बागेत खड्ड्यात कुजवला जातो. मुलांच्या हाती काडेपेटी दिली जात नाही. येथे जाळावे लागेल इतके उरतही नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे सरपंच, ग्रामसेवक किंवा वनसेवेत आहेत, त्यांना एकच विचारणे आहे: आपल्या गावाच्या जाळरेषेची मजुरी फेब्रुवारीपूर्वी मंजूर होते का, आणि अंगाऱ्यांना बूट मिळतात का?

यंदाचा पट्टा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी वंदना झाल्यावर साफ करायचा आहे. संस्थेकडे पंधरा विळे आहेत. येणाऱ्यांनी शक्य असल्यास आपला आणावा.