पायलीच्या घरातली लिटरची मुलं

साठीच्या दशकात शाळेत गेलेल्या आम्हा मुलांची दोन कोष्टकं पाठ होती. शाळेतलं दहाचं: दहा मिलिलिटर म्हणजे एक सेंटिलिटर, दहा सेंटिलिटर म्हणजे एक डेसिलिटर, दहा डेसिलिटर म्हणजे एक लिटर, पुढे डेकालिटर, हेक्टोलिटर, किलोलिटर. घरातलं दुपटीचं: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. वजनमापांचा कायदा झाला १९५६ साली आणि एप्रिल १९६२ पासून जुनी मापं व्यवहारातून बाद ठरली. तांदळाच्या डब्यातलं पितळी चिपटं मात्र जागचं हललं नाही.

या दोन्हींची गाठ पडायची ती दारात आलेल्या दुधाशी. आजी मागणार पावशेर. शेर सुटला तेव्हा पाव लिटर. पण नव्या मापांत पाव नव्हताच! लिटरखाली पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास मिलिलिटर. मग दोनशेचं एक माप आणि पन्नासचं एक. अर्ध्याचं अर्धं करत आयुष्य गेलेल्या बायकांना ही बेरीज समजावून सांगायचं काम आम्हा मुलांवर आलं, आणि आम्ही ते मोठ्या अभिमानानं केलं. शाळेतलं गणित घरात कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

धान्याचं कोडं अवघड होतं. पायलीचे किलो किती, असं आई विचारायची. पायली गावागणिक वेगळी. त्यात ती शिगोशिग भरायची, आणि तांदळाला जे उत्तर निघेल ते बाजरीला चालायचं नाही. माप जागा मोजतं, तागडी वजन; दोन्हींच्या मध्ये प्रत्येक धान्याचा स्वभाव येतो. शेवटी धान्य मापातून उठून तागडीतच गेलं. लिटरकडे राहिलं ते पातळ: दूध, रॉकेल, औषध.

औषधाच्या बाटलीला कंपाउंडर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच, एक डोस. पुढे पाच मिलिलिटरचा चमचा आला. इंजेक्शन मात्र ‘दोन सीसी’च राहिलं. घन सेंटिमीटर आणि मिलिलिटर एकच, हे गुरुजींनी पुठ्ठ्याची पेटी करून दाखवलं होतं: लांबी, रुंदी, उंची दहा-दहा सेंटिमीटर, आत बरोबर एक लिटर. अशा हजार पेट्यांचा एक घनमीटर. पाण्याच्या बिलावर घनमीटर दिसतात, तेव्हा तीच पेटी डोळ्यांसमोर ठेवून आम्ही लिटर काढतो.

डेसिलिटर आणि डेकालिटर वहीबाहेर घरात कधी आलेच नाहीत, याची मला हळहळ वाटते. इतक्या प्रेमानं पाठ केले होते. गोडेतेल तेवढं लिटर आणि किलो दोन्हींकडे राहिलं. लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅमही छापलेलं असतं, आणि आमच्या वयाच्या बायका दोन्ही आकडे वाचून मगच किलोच्या भावाशी ताडून बघतात.