नितळ पाण्याखालचा गाळ

संपादकांनी नद्यांच्या प्रदूषणावर लेख मागितला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, नदीवर नको, ओढ्यावर लिहिते. कुठल्याही खोऱ्यातल्या सगळ्या प्रवाहांची लांबी मोजली तर तिचा मोठा हिस्सा डोंगरातल्या लहानसहान ओढ्यांचा, व्हाळांचा, पऱ्ह्यांचा निघतो. नदीत पुढे काय येणार हे बरंचसं तिथेच ठरतं. माझं सगळं काम या ओढ्यांच्या तळाशी आहे. दगड उलटायचा, त्याखालचे कीटक, कृमी, गोगलगायी, खेकडे पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचे, भिंगाखाली त्यांची कुळं ओळखायची आणि त्यावरून ओढ्याची प्रकृती सांगायची.

गेल्या हिवाळ्यातलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. तळकोकणातल्या एका गावाने बोलावलं होतं. व्हाळाच्या वरच्या अंगाला खासगी मालकीचं जंगल होतं. ते तोडून जेसीबीने उतारावर पायऱ्या पाडल्या आणि काजूची कलमं लावली. दोन पावसाळे गेल्यावर लोकांच्या लक्षात आलं की व्हाळात कुर्ल्या दिसत नाहीत, पोरांच्या गळाला मासे लागत नाहीत. त्यांनी पाण्याचा नमुना तपासायला दिला. अहवालात सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सगळं मर्यादेत. पाणी उत्तम आहे, तक्रारीत तथ्य नाही, असं त्यांना एका कार्यालयात सांगण्यात आलं.

मी गेले तेव्हा पाणी खरोखरच नितळ होतं. तळाचा दगड नि दगड दिसत होता. पण दगड उचलायला गेलं तर सुटेना. निम्मा तांबड्या चिकट गाळात रुतलेला. ट्रेमध्ये आल्या त्या कायरोनोमिड माश्यांच्या लाल अळ्या, गांडुळांच्या नात्यातले बारीक कृमी आणि केनिस नावाच्या मेफ्लाय कीटकाची थोडी पिल्लं. चपट्या अंगाच्या हेप्टाजेनिड मेफ्लाय नव्हत्या, स्टोनफ्लाय नव्हती, दगडांमध्ये जाळी विणून वाहतं अन्न गाळून खाणारी कॅडिसफ्लाय नव्हती. पलीकडे देवराईतून येणाऱ्या व्हाळात हे सगळे जीव होते. डोंगर तोच, पाऊस तोच.

या सगळ्याचं कारण माती. प्रदूषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कारखान्याची नळी, प्लास्टिक आणि निर्माल्य येतं. माती प्रदूषक असू शकते हे कुणाला पटत नाही. मी हे बोलले की ‘अहो, पावसाळ्यात ओढा गढूळ होणारच, ते नैसर्गिकच आहे’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर मी शेतकऱ्यांकडून ऐकलंय, अभियंत्यांकडून ऐकलंय आणि ज्यांनी हे शिकवायला हवं अशा प्राध्यापकांकडूनही ऐकलंय. म्हणून इथे जरा थांबून सांगते.

सह्याद्रीतल्या ओढ्यातले जीव पुराला सरावलेले आहेत. जुलैतल्या लोंढ्यात दगड गडगडतात, वाळू खरवडत जाते. त्या काळात कित्येक जाती अंड्यांच्या रूपात असतात, कित्येक तळाच्या गोट्यांमधल्या फटींतून खोल उतरतात. लोंढा त्या फटी धुऊनही काढतो. खरा घात पुराचा जोर ओसरल्यावर होतो. प्रवाह मंदावला की वाळूपेक्षा बारीक कण, म्हणजे पोयटा आणि चिकणमाती, फटींमध्ये बसतात. जंगलाखालच्या ओढ्यात असे कण थोडे असतात. नव्याने उकरलेल्या उतारावरून मात्र परतीच्या पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर ते येत राहतात, आणि त्यांना पुढे ढकलायला आता पाण्यात बळ नसतं. ते पुढच्या जूनपर्यंत तिथेच राहतात. फटींतून झिरपणारं पाणी थांबतं, म्हणजे तिथला प्राणवायू संपतो. अंडी गुदमरतात. कल्ल्यांवर गाळाचा थर बसतो. कॅडिसफ्लायची जाळी तुंबतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरं तर या ओढ्यांच्या भरभराटीचा काळ. नेमक्या त्याच काळात तळ लिंपलेला असतो.

आणि अशा वेळी आपण बाटलीत काय भरून नेतो? वरचं पाणी. ते नितळ असतं, कारण गाळ खाली बसलेला असतो. गढूळपणा मोजला तर तोही नगण्यच येईल.

महाबळेश्वरच्या आसपास परतीच्या पावसाबरोबर येणाऱ्या या गाळाशी स्ट्रॉबेरीचं वेळापत्रक जुळलेलं आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांचा उगम ज्या डोंगरावर, तो परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरीही याच भागात होते आणि 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रोपं लावायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे जमीन भुसभुशीत करून गादीवाफे त्याच सुमारास तयार होतात. परतीचा पाऊस नेमका त्यावर पडतो. वाफ्यांवर प्लास्टिकचं आच्छादन असलं तरी दोन वाफ्यांमधली सरी उघडीच असते आणि प्लास्टिकवरचं पाणी तिच्यातूनच धावतं. शेताच्या खालच्या बांधावर गवताचा रुंद पट्टा असेल तर बरीच माती तिथे अडते. नसेल तर ती ओढ्यात जाते.

कीटकांवरून ओढ्याची प्रकृती मोजण्याची अधिकृत पद्धत आपल्याकडे नाही, असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती स्वीकारलेली आहे. तिचं मूळ ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात नेमलेल्या एका कार्यगटाच्या कामात आहे : प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण, गाळातल्या कृमींना 1, कायरोनोमिडना 2, बहुतेक स्टोनफ्लाय आणि हेप्टाजेनिडना 10. पण हे गुण ठरवले गेले ते सांडपाण्याच्या प्रदूषणासाठी. केनिसचं कूळ घ्या. त्याला मूळ यादीत 7 गुण आहेत. या पिल्लाच्या कल्ल्यांची एक जोडी झाकणासारखी असते, ती बाकीचे नाजूक कल्ले गाळापासून वाचवते. म्हणजे मातीने मेलेल्या ओढ्यात टिकून राहणारा हा प्राणी त्या ओढ्याला चांगले गुण मिळवून देतो! ब्रिटनमधल्या अभ्यासकांना हे उमगलं आणि त्यांनी बारीक गाळासाठी वेगळा निर्देशांक तयार केला. आपल्या डोंगरी ओढ्यांसाठी असा निर्देशांक तयार व्हायला हवा, हे मी जिथे बोलू देतात तिथे बोलत आले आहे. त्यासाठी खोऱ्याखोऱ्यांतून कुळंच काय, जाती ओळखणारी माणसं लागतात. मदुराईच्या के. जी. शिवरामकृष्णन यांच्यासारख्यांनी पश्चिम घाटातल्या मेफ्लायच्या अभ्यासात हयात घालवली. त्या वाटेने जाणारे विद्यार्थी आज फार थोडे आहेत, कारण या कामावर नोकरी मिळत नाही.

आता झाडांविषयी. लहान ओढ्यावर झाडांची सावली असते, त्यामुळे पाण्यात शेवाळ बेताचं वाढतं. तिथल्या जीवांचं मुख्य अन्न म्हणजे वरून पडणारा पाचोळा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा इथे वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ओढ्यावर चक्क जाळी ताणून पाचोळा पडू दिला नाही. 1997 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की एवढ्याने तळाच्या जीवांची वाढ कोसळते आणि त्यांच्यावर जगणाऱ्या शिकारी कीटकांचीही. आपल्याकडे पाचोळा कुरतडण्याचं मोठं काम खेकडे करतात. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांची पानं वेगवेगळ्या वेळी गळतात, वेगवेगळ्या वेगाने कुजतात, त्यामुळे अन्न बराच काळ पुरतं. त्यांच्या जागी एकाच जातीची लागवड झाली, मग ती निलगिरीची असो, आकेशियाची असो की दोडामार्गकडच्या रबराची, की हे चक्र मोडतं. निलगिरीबद्दल तर पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये भरपूर काम झालेलं आहे. तिची तेलकट, चिवट पानं पाचोळाखाऊ कीटकांना मानवत नाहीत. तरीही आपल्याकडे झाड म्हणजे झाड, हिरवं दिसलं की जंगल, असाच हिशेब चालतो.

मी शेतकऱ्याच्या विरोधात आहे, असा समज या लेखाने होऊ नये. कोकणात भाताच्या राबासाठी झाडांच्या फांद्या छाटायची रीत होती. त्यावरून इंग्रजांच्या वनखात्याने ठाणे-कुलाब्यातल्या शेतकऱ्याला जंगलाचा शत्रू ठरवलं आणि 1880 च्या दशकात त्यासाठी मुंबई इलाख्यात वन आयोग बसवावा लागला. फांदी छाटलेल्या झाडाची मुळं जमिनीत राहतात, माती धरून ठेवतात. उतार मुळासकट उकरणं ही यंत्रं आल्यानंतरची गोष्ट आहे. काजूने कोकणातल्या कित्येक घरांना पहिल्यांदा हातात पैसा दिला, हेही मी पाहिलंय. त्या गावातही कलमं लावणाऱ्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, ‘मग आम्ही काय करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ‘लागवड करू नका’ हे उत्तर असू शकत नाही.

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. व्हाळाच्या दोन्ही काठांची मूळ झाडी, निदान दहा-पंधरा मीटर, तोडू नका. उतार तीव्र असेल तर अधिक ठेवा. सगळा डोंगर एका उन्हाळ्यात उघडा करू नका, टप्प्याटप्प्याने करा. दोन ओळींमधलं गवत खरवडून काढू नका. फवारणीचा पंप व्हाळावर भरू नका आणि औषधाचे डबे तिथे विसळू नका. फवारणी होते त्या मोहोराच्या दिवसांत व्हाळाचं पाणी आटत आलेलं असतं. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यात सहज विरघळतं आणि मेफ्लायच्या पिल्लांना ते अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरतं. सरकारला सांगायचं ते एवढंच : फळबागेचं अनुदान देताना काठाची झाडी राखल्याची अट घाला, आणि ओढ्याची तपासणी करताना बाटलीबरोबर तळाचे जीवही पाहा. डोंगर उकरायला उन्हाळ्यात सुरुवात होते. आपल्या गावात या वर्षी लागवड होणार असेल, तर काठावरची झाडं त्याआधीच खुणा करून राखून ठेवा.